हळकुंड म्हणजे हो

१० फेब्रु., सोम.

मिरची आली. भिवापुरी. ठसका तोच, गिऱ्हाईक नाही. दोन सालाआधी या दिवसात पिशव्यांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत जाये. आज चार पिशव्या. बाया गांधीबागेत कपडा घेतात अन मसाल्याचं पाकीट घेऊन सरळ घरी.

पल्लवीचा फोन. पुण्याले गेल्यापासून पोट्टीचं 'मले'चं 'मला' झालं. म्हणे, "आई, तू डायरेक्टर आहेस आता, नीट वाग." मागच्या महिन्यात तिनं कागद पाठवले, मी सह्या ठोकल्या, अन आमच्या कांडप चक्कीची कंपनी झाली. प्रा. लि. डायरेक्टर दोन. एक पुण्यात. राहिली मी.

आता म्हणे गिऱ्हाइकाले कंपनी चालवण्यात घ्यायचं. त्यांचं मंडळ करायचं, त्यांना विचारून सगळं करायचं. "लोकांना आपलं वाटलं पाहिजे, आई."
म्हटलं, मिरची त्यांची, मशीन माझी. अजून काय आपलं वाटाचं राहिलं?
"तू ऐकतच नाहीस."
फोन ठेवला. मीच.

ही डायरी यांची. डाळीच्या व्यापाऱ्यानं देली होती. पहिल्या पानावर नाव लिहिलं अन मार्चात गेले. दोन वर्षं कोरी पडली. वार जुळत नाहीत, खोडून लिहिते. चौथी पास बाईले चालते.

१३ फेब्रु., गुरु.

करते म्हटलं मंडळ. पोट्टी चार दिवस रोज फोन करून राहिली. एरवी आठवड्याले एक. मंडळ झालं की पुन्हा एकच होईन, हे पण समजते मले.

पाच जण धरले. रश्मी स्कुटीवाली, वर्धा रोडवर ऑफिसात जाते, हेल्मेट न काढता बोलते. नाना भोजनालयवाला, सगळ्यात मोठं पोतं त्याचं, सगळ्यात मोठं तोंड पण त्याचंच. मोमिनपुऱ्यातल्या शबानाभाभी. लता कन्हानची, बसनं येते, आख्ख्या गल्लीच्या पिशव्या घेऊन. अन धोटेबाई.

धोटेबाईले विचारलं तर म्हणे, "मंडळात बसायचं म्हणजे किती वेळ बसायचं?" अठरा वर्षांपासून हेच. रिटायर मास्तरीण आहे. मिरची देठासकट आणते. घरून खुडून आणत जा म्हटलं तर सुनेले ठसका लागतो म्हणते. मग माझ्या बाकड्यावर पेपर पसरते अन दोन-दोन तास देठं खुडते. दर पाच मिनिटाले घड्याळ. "अख्खा दिवस जातो हो तुमच्याकडे, कुंदाबाई."

जाते तर जाते. बोलावलं कोणं?

बोटं मात्र तिची मशीन. मिरची हातात आली की देठ गेलंच. बोलता बोलता, चहा पिता पिता. एकदा व्यापाऱ्याले दाखवाची म्हणून नमुन्याची मिरची बाजूले ठेवली होती, तिची पण देठं खुडून मोकळी. म्हणे, "हाताला सवय."

१६ फेब्रु., रवि.

पहिली बैठक. दुकानातच, मशीन बंद करून. नाना येऊन सरळ यांच्या खुर्चीवर बसाले लागला. ओरडली मी. "ते नाही! तिथं नाही." नाना पोत्यावर बसला. त्या खुर्चीवर कोणी बसत नाही. रामदासभाऊ पण नाही, अन तो तर यांच्या वेळेपासूनचा मशीनवाला.

मग मत कसं घ्याचं यावर अर्धा तास. हात वर करा म्हटलं तर मालकिणीसमोर नाही म्हणाले कोणाचा हात उठत नाही. चिठ्ठ्या म्हणे. कोण वाचत बसते चिठ्ठ्या? उठली, हळदीच्या पोत्यातून सहा हळकुंडं काढली, मिरचीच्या पोत्यातून सहा मिरच्या. सगळ्याईले एक-एक देली. हळकुंड म्हणजे हो, मिरची म्हणजे नाही. पदराखाली, मुठीत धरा, एक डब्यात टाका, उरलं ते पोत्यात. डबा फराळाचा, झाकणाले भोक पाडलं.

नाना म्हणे, "वा वा, डायरेक्टर!"
शबानाभाभी, "बाजी, दिमाग है आपको."

पहिला सवाल रश्मीचा. हळद कोणत्या दिवशी, मिरची कोणत्या दिवशी, ते पाटीवर लिहा. डबा उघडला. सहा हळकुंडं.

बरं वाटलं. काहून खोटं लिहू.

२ मार्च, रवि.

दुसरी बैठक. तीन सवाल. थंड पाण्याचा माठ ठेवा, सहा हळकुंडं. पिशवीवर नावाचा कपडा बांधा, अदलाबदल होते, सहा हळकुंडं. तिसरा नानाचा. भिंतीले संत्र्याचा रंग मारा, लांबून दिसली पाहिजे कंपनी. मले वाटलं आता तरी मिरच्या पडतीन. सहा हळकुंडं! त्यात एक माझंच. मालकीण होऊन मीच नाही म्हणावं हे काही बरं नाही दिसत.

पल्लवीले सांगितलं. खूश. "बघितलंस? सगळे एका मताचे." म्हटलं हाव. आमच्या घरात तिघं होतो तेव्हा कधी एका मताचे नव्हतो.

९ मार्च, रवि.

रंग झाला. डोळ्यात जाते.

१२ मार्च, बुध.

दिवसभर रंगावरून ऐकून राहिली. रश्मी म्हणे, "काकू, हे काय भडक!" शबानाभाभी डोळ्यावर हात धरून आली. धोटेबाई म्हणे, "शाळेच्या भिंतीला असा रंग दिला असता तर पोरं पळून गेली असती."

डोकं सटकलं. "अन हळकुंडं कोणं टाकली? सहा होती! मोजली मी!"

सगळ्या एकमेकीकडे पाहाले लागल्या. शेवटी लता बोलली. कन्हानहून आली होती, बसची घाई.

"ताई, तुमच्या दुकानात मिरची कोण टाकीन वं?"
"काहून?"
"काहून काय! मनात तुमचं नाव घेऊन, पदराखालून, बंद डब्यात मिरची टाकाची? अन मनात काय, तर नाही! नजर लागते अशानं. पाच मिरच्या देठासकट, मीठ, मोहरी, असंच तर ओवाळतो ना आपण. अन तुमच्या घरी आधीच एक..."

पोत्यानं मिरची कांडते रोज, मले मिरची म्हणजे माल. बायांले मिरची म्हणजे नजर. अन मी पण शनिवारी मशीनवरून ओवाळून टाकतेच की! तेव्हा आठवत नाही का?

म्हणजे दोन बैठका सगळ्या 'हो, हो' करून राहिल्या त्या कंपनीसाठी नाही. माझ्या जिवासाठी.

राग यावा की काय यावं समजलं नाही. रामदासभाऊवर ओरडली. तो मशीनच्या आवाजानं अर्धा बहिरा. म्हणे, "चहा? आणतो."

१६ मार्च, रवि.

बैठक. म्हटलं आता मताले गहू अन तांदूळ घेऊ. धोटेबाई उभी राहिली, वर्गात उभी राहते तशी. "थांबा. नजर काढायला काय लागतं? मिरची, मीठ, मोहरी. तीन वस्तू. इथे मीठ आहे?"
लता, "नाही."
"मोहरी आहे?"
"नाही."
"मग ही नुसती भाजीतली मिरची. नुसत्या मिरचीने कोणाला नजर लागली असं झालंय आजवर?"

विचारात पडल्या. शबानाभाभी म्हणे, "मॅडम सही बोल रही." लतानं तरी इकडं-तिकडं पाहून घेतलं, मोहरीचा डबा कुठं उघडा तर नाही ना. मग मान हलवली.

नानाचा नवा सवाल. दुकानात भोंग्यावर गाणे लावाचे. डबा उघडला. दोन हळकुंडं, चार मिरच्या.

नाना म्हणे, "बाप्पा! चारही झोंबल्या." पण हसला. सगळे हसले. खूप दिवसानं दुकानात इतके लोक एका वेळी हसले. मशीन बंद होती म्हणून ऐकू आलं.

३० मार्च, रवि. पाडवा

बंद. गुढी लावली, उतरवली. पुरण नाही केलं. एकटीसाठी कोण वाटते पुरण. पल्लवीचा व्हिडिओ आला, तिच्या मैत्रिणी, तिचं घर. तिचे पडदे नवीन आहेत.

चार वाजता शटर वाजलं. धोटेबाई. हातात पावभर मिरची.
"बंद आहे का?"
"पाडवा आहे."
"हो, ते लक्षातच नाही राहिलं."

मास्तरणीले पाडवा लक्षात नाही राहत! घरी सगळे सुनेच्या माहेरी, काटोलले, गेले म्हणे. हिले गाडीत उलट्या होतात, म्हणून राहिली. चहा केला. बाकड्यावर बसली, पेपर पसरला, खुडत बसली. पावभर मिरची, तास लावला.
म्हणे, "घरी चहाला कंपनी नसते हो कोणी."
म्हटलं, "माझ्याकडे आहे कंपनी. प्रा. लि."

हसली नाही. मग हसली. मग माझी डायरी पडली होती ती उचलून म्हणे, "'गिऱ्हाईक'चा 'ऱ्हा' असा नाही लिहीत." ओढून घेतली मी. "जा आता, अंधार पडीन." काहून असं तोडून बोलली मी? जीभ माझी.

१३ एप्रिल, रवि.

ऊन. कूलरच्या वाळ्याले पाणी टाकून टाकून हात दुखले. बैठक पाच वाजता.

रश्मीनं आज हेल्मेट काढलं. म्हणजे मोठं काही आहे हे समजलंच. कागदावर लिहून आणलं होतं. म्हणे, काकू, उन्हात कोणी येत नाही. तुमचा ऑटो लावा, घरून पिशवी उचला, कांडा, घरी पोचवा. फोनवर सांगाचं कधी तयार. कोणाले इथं येऊन बसाची गरज नाही. अन बाकडं आहे तिथं पाकीटं बंद कराची मशीन बसते, मी मोजलं.

मोजलं म्हणे! पोट्टीनं कधी मोजलं?

नाना, "एकदम बरोबर." शबानाभाभी, "गर्मी में तो जान जाती बाजी." लता, "मग मले बसनं ओझं आणा नाही लागणार." खरं आहे तिचं. कन्हानची बस म्हणजे अर्धा जीव.

अन धोटेबाई तर जोरात. "मी अठरा वर्षं सांगते आहे, माझा अख्खा दिवस जातो. सुनेची पण कटकट मिटेल, म्हणते सासूबाई, कुठे जाऊन बसता मिरच्यांत. हा ठराव मीच लिहिते." चष्मा लावला, लिहिला. अक्षर म्हणजे मोती.

"यापुढे मिरची-मसाला ग्राहकाच्या घरून नेण्यात येईल व कांडून घरपोच देण्यात येईल. ग्राहकास दुकानात येण्याची गरज राहणार नाही."

वाचून दाखवला. माझ्याकडे पाहिलं सगळ्याईनं. काय म्हणू? ठसका लागला असं करून उठली. म्हटलं आज मत नको, पुढच्या रविवारी.

काय सांगू त्यांले? ऑटो नको, कारण मले समोर कोणी बसलेलं पाहिजे? बावन्न वर्षांच्या बाईनं, डायरेक्टरनं, असं म्हणाचं?

१६ एप्रिल, बुध.

पल्लवीले सांगितलं. इतकी खूश कधीच नव्हती. "आई! हेच तर हवं होतं! गिऱ्हाइकांनी स्वतःहून सुचवलं!"
म्हटलं, मी मालकीण आहे, मी नाही म्हणू शकते.
"म्हणू शकतेस. मग मंडळ कशाला केलंस?"
मी पिशवीची गाठ बांधत राहिली.
"तुला नको आहे का? का नको?"
"मले काय. चांगलंच आहे."
"मग झालं तर."
मग झालं तर.

आज बाकड्यावर तीन बाया होत्या. एक काटोलची, नवीन. जावेची तक्रार सांगून राहिली होती, दुसरी म्हणे माझी जाव याहून वाईट, तिसरी म्हणे तुमच्या दोघींच्या माझ्या घरी आणा, माझीच भारी पडते. मिरची बारा मिनिटात झाली. रामदासभाऊले म्हटलं, अजून एकदा टाक, जाडी राहिली. जाडी नव्हती राहिली.

२० एप्रिल, रवि.

मत झालं.

मिरच्या मीच देल्या, हातानं निवडून, सगळ्या देठाच्या, लांब. पदराखाली हळकुंड एकीकडं, मिरची एकीकडं. दोन वर्षांत हळकुंड हातात घेऊन कोणाच्या घरी गेली नाही मी, हळदी-कुंकवाले आता कोणी बोलावत नाही. इथं घ्याले भेटते. पण आज मिरची टाकली. सरळ. देठासकट. माझीच नजर माझ्याच दुकानाले लागली तर लागू दे.

डबा रश्मीनं उघडला. चार हळकुंडं.

दोन मिरच्या.

रश्मी म्हणे, "दोन कोण? आपल्यात कोणाला नको होतं? बोला ना मग."
नाना म्हणे, "मी तर हळकुंडवाला. शप्पथ."
मी म्हटलं, "झाकलं ते झाकलं. पास झाला. उठा."

सगळे गेल्यावर डबा माझ्यापुढं. एक मिरची देठाची, ती माझी. दुसरीले देठ नाही.

देठ नाही! मी सहाही देठाच्या देल्या होत्या. देठ पोत्याजवळ पडलं होतं, खाली. ताजं खुडलेलं.

धोटेबाई जाताना चष्मा पुसत होती. घड्याळ पण नाही पाहिलं.

२१ एप्रिल, सोम.

काहून टाकली मग? ठराव तिचा, अक्षर तिचं, त्या दिवशी तोंड पण तिचंच सगळ्यात मोठं. अन मिरची?

सवयीनं खुडलं असन देठ. हातात मिरची आली की खुडतेच ती. का मग... देठ नसलं की नजरेची मिरची होत नाही. लतानं सांगितलं होतं तेव्हा ती बाजूलेच बसली होती. म्हणजे नाही पण म्हणाचं अन मले काही बाधू पण नये.

कोणतं खरं? विचारावं म्हटलं. विचारलं तर मत उघडं पडते. नियम माझाच.

२४ एप्रिल, गुरु.

बाकडं काढलं. रामदासभाऊनं अन ऑटोवाल्यानं मिळून. खाली अठरा वर्षांची देठं निघाली, अन एक बांगडी, अन एक काळं पडलेलं नाणं. झाडून टाकलं. नाणं ठेवलं.

पाकीटबंद मशीन बसली. आवाज करत नाही. करती तर बरं झालं असतं.

२ मे, शुक्र.

काम वाढलं. खरं ते लिहावं. पिशव्या पहिल्यापेक्षा दुप्पट. रोज ऑटो जाते, रामदासभाऊ सोबत जाते, पत्ते त्यालेच माहीत. तो गेला की मी अन मशीन. रश्मीचा मेसेज येते, अंगठा. नानाचा पण अंगठा. दिवसभर अंगठे.

आज सकाळपासून कोणाशीच बोलली नाही. दुपारी एक माणूस आला, म्हटलं या या, बसा. म्हणे, "मावशी, गांधीबाग इकडूनच का?" हाव म्हटलं. सरळ जा.

झाडू मारली. एकही देठ नाही.

६ मे, मंगळ.

ऑटोतून पिशव्या उतरवल्या. धोटेबाईची पहिल्यांदा आली. दोन आठवडे काही नव्हती पाठवली. कपडा सोडला. मिरची आख्खी, देठासकट. अर्धा किलो. वर चिठ्ठी, मोत्यासारखी. "देठं काढलेली नाहीत. धोटे."

बस. एवढंच.

रामदासभाऊले विचारलं, काय म्हणे बाई?
"आँ?"
"बाई! धोटेबाई! काय म्हणे?"
"ताई कशा आहेत म्हणे."
"अन तू काय सांगितलं?"
"मशीन चांगली चालते म्हटलं."

कपाळ माझं.

अठरा वर्षांत तिनं देठासकट मिरची कांडाले देली नाही. देठासकट कांडली तर तिखट कडू लागते, मास्तरणीले हे समजत नाही असं नाही. मग मी खुडावं म्हणते का? का तक्रार करते? का...

घेतली समोर. खुडाले बसली. पाच खुडल्या. बोटं चालत नाहीत माझी तशी. कंटाळली. ठेवली.

८ मे, गुरु.

ती पिशवी तशीच. रामदासभाऊ दोनदा म्हणे, मीच खुडतो. हात लावू नको म्हटलं.

पल्लवीचा फोन. रिपोर्ट पाहिला म्हणे, मस्त चाललंय. मग म्हणे, "आवाज का असा येतोय तुझा?" म्हटलं ठसका. म्हणे, "आई, मी येऊ का चार दिवस?" म्हटलं, तुझी सुट्टी कुठं असते. "नाही, असते," म्हणे. "बघते." बघते म्हणाली. आधी असं नव्हती म्हणत.

९ मे, शुक्र.

धोटेबाईचा ठराव काढून पुन्हा वाचला. भिंतीवर चिकटवला आहे रश्मीनं, प्लास्टिकमध्ये. बोट ठेवून ठेवून वाचला.

"ग्राहकास दुकानात येण्याची गरज राहणार नाही."

गरज राहणार नाही. 'येऊ नये' कुठं लिहिलं? मास्तरीण आहे ती. 'ऱ्हा' चुकला तर चालत नाही तिले. जे लिहाचं तेच लिहिते.

चिठ्ठी लिहिली. तीनदा फाडली. शेवटी एवढंच.

"देठासकट कांडत नाही. कंपनीचा नियम. खुडून द्या. कुंदा."

खाली अजून एक ओळ लिहिली होती, ती फाडलेल्या चिठ्ठीत गेली. जाऊ दे.

पिशवी अन चिठ्ठी रामदासभाऊजवळ देली. म्हटलं, तिच्याच हातात दे, सुनेच्या नाही. दोनदा ओरडून सांगितलं. सुनेच्या नाही! हाव हाव म्हणे.

मग यांची खुर्ची काढली. धूळ होती, मिरचीची, लाल. ओल्या फडक्यानं पुसली. एक पाय डुगडुगते, खाली पुठ्ठा देला. दारात ठेवली, कूलरची हवा लागते तिथं. बाजूले स्टुलावर पेपर, देठांसाठी. घरी खुडलं तर सुनेले ठसका लागते. चहाचं आधण गॅसवर, बारीक.

तीन वाजता ऑटो आला. रामदासभाऊ उतरला. हात रिकामे.
"देली?"
"देली. बाईच्याच हातात."
"काय म्हणाली?"
"वाचलं. चष्मा काढला. मग पिशवी घेऊन आत गेली."
"अन?"
"अन दार लावलं."
"लावलं का लोटलं?"
"आँ?"
"दार! लावलं का नुसतं लोटलं?"

डोकं खाजवून राहिला. तेवढं नाही पाहिलं म्हणे.

चार वाजले. आधण दोनदा आटलं, पुन्हा पाणी टाकलं. खुर्ची आहे तिथंच आहे.